काढता-घालता येणारं हँडल आणि एक फुटलेलं घुमट

मातीचं घुमट, म्हणजे गोव्यात आरतीला वाजवतात ते वाद्य, खोक्यासकट चिऱ्याच्या पायरीवर पडलं की आधी एक बारीकसा "धुम्" येतो, म्हणजे चामडं शेवटचं वाजतं, आणि मग आतल्या आत खापऱ्यांची खळखळ. हे मला माहीत आहे कारण २०२४ च्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, ७ सप्टेंबरच्या रात्री, आमच्या वाड्यावरच्या चौथ्या घराच्या पायरीवर हे झालं आणि त्या खोक्याचं हँडल माझ्या हातात होतं. फक्त हँडल. खोका खाली.

वर ते हँडल मीच डिझाइन केलेलं. कुंडईच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे मी, जिग-फिक्श्चर म्हणजे मशीनवर काम चालू असताना तुकडा धरून ठेवणारी साधनं, ती बनवण्यात बारा-तेरा वर्षं गेली, त्यामुळे "एक खोका उचलायचं हँडल काय, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर करून टाकतो" असं मी आरतीच्या ग्रुपवर लिहिलं होतं. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट आमच्या लोकांनी जपून ठेवलाय, दर महिन्याला कोणीतरी परत टाकतं.

आधी गरज काय होती ते सांगतो. आमचं माशेलचं आरतीचं मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही, नऊ-दहा जण, सहा घुमटं, एक शामेळ म्हणजे ढोलाचा प्रकार, दोन कांसाळें म्हणजे झांजा. चवथीत घरोघर फिरायचं, रात्री साडेआठला सुरू केलं की शेवटच्या घरी पोचेपर्यंत दीड वाजतो. बाहेरच्या वाचकांसाठी, घुमट म्हणजे मातीचं मडकंच, पण दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं, मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं आणि छोटं तोंड उघडं, डाव्या हाताच्या तळव्याने ते उघड-बंद करत आवाज फिरवायचा. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते गुन्हा झालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा आमच्या काकांनी पेपर वाचून फक्त एवढंच म्हटलं की मग आता फुटल्यावर सरकार नवीन देणार काय.

तर फुटणं हाच मुख्य विषय. घुमटं पूर्वी गोणपाटात गुंडाळून प्रत्येक जण आपापलं न्यायचा. पण सप्टेंबरचा पाऊस, एका हातात छत्री, स्कूटर, अंधार, आणि वाटेत सगळ्यांच्या घरची कुत्री. म्हणून आम्ही खोके केले. मटेरियल फुकट: निवडणुकीचे बोर्ड. २०२२ च्या विधानसभेनंतर रस्त्यावरच्या खांबांना इतकं सनपॅक लटकत होतं की म्हटलं हे कचऱ्यात जाण्यापेक्षा आपल्या कामाला येऊ दे. सनपॅक म्हणजे ती पुठ्ठ्यासारखी आतून पोकळ नळ्या-नळ्यांची प्लॅस्टिकची शीट, पॉलिप्रॉपिलीनची. भिजत नाही, कुजत नाही, वाळवी लागत नाही आणि वजनाला काहीच नाही. साठ बाय चाळीस बाय पस्तीस सेंटिमीटरचा खोका, झाकणासकट जेमतेम सव्वा किलो. छापलेली बाजू आत घेतली, म्हणजे झाकण उघडलं की एक उमेदवार हात जोडून घुमटांच्या मागून आपल्याकडे बघतो. कुठल्या पक्षाचा ते सांगत नाही, तीन खोके आहेत आणि तिन्हीत वेगवेगळे आहेत, आमचं मंडळ सर्वपक्षीय आहे.

आत स्पंज, दोन घुमटं आणि वर कांसाळें, की खोका भरतो ७.८ किलो, दुकानातल्या काट्यावर तोललाय. जड नाही. पण धरायला काही नाही. दोन्ही हातांनी मिठी मारून न्यायचा तर छत्री कोण धरणार आणि पायरी कशी दिसणार.

आता कायमचं हँडल का नको? कारण खोका तीन ठिकाणी राहतो. वर्षातले अकरा महिने माळ्यावर, तिथे एकावर एक रचायचे आणि वर कौलांपर्यंत मोजून जागा आहे. मग स्कूटरच्या पायाकडे, म्हणजे ॲक्टिव्हाच्या फूटबोर्डवर, तिथे बाजूला काही बाहेर आलेलं असेल तर गुडघ्याला लागतं, आणि वर आलेलं असेल तर वळताना स्टिअरिंगला अडकतं. आणि तिसरं म्हणजे यजमानाच्या घरात, मखरासमोर, जिथे मुळात माणसांना पाय ठेवायला जागा नसते. हातात असतो तो फक्त स्कूटरपासून पडवीपर्यंत. म्हणजे हँडल लागतं दिवसाला वीस मिनिटं आणि अडचण करतं बाकीचा सगळा वेळ. म्हणून काढता-घालता यायला पाहिजे. आणि तीन खोक्यांना तीन कशाला, फिरवून-फिरवून वापरता आलं तर उत्तम.

ही कल्पना काही माझी नाही, आपल्या स्वयंपाकघरात ती कायम आहे. पातेल्याला कान नसतात आणि सगळ्या घरात सांडशी एक. तीच चहाचं उतरवते, तीच भाताचं, तीच कढईला धरते, आणि काम झालं की खिळ्याला. वीस लिटरच्या पाण्याच्या कॅनला मानेत अडकवायचं ते प्लॅस्टिकचं हँडल बाजारात मिळतं, तेही त्याच जातीचं. म्हणजे एक धरायचं अवजार आणि अनेक भांडी. त्यामुळे मी पहिल्यांदा सांडशीच करायला गेलो आणि तिथेच आपटलो, पण ते नंतर, कारण त्याच्याही आधी एक तारेचा प्रकार झाला.

तारेचा प्रकार असा: खोक्याच्या दोन्ही आखूड बाजूंना वरच्या कडेपासून चार सेंटिमीटर खाली एकेक भोक, त्यात ३ मिलिमीटरच्या सळीचा हूक, बादलीच्या कडीसारखा. दिसायला छान. पहिल्या दिवशी टिकला, दुसऱ्या दिवशी भोक लांबट झालं, तिसऱ्या दिवशी हूक सनपॅक चिरत थेट वर झाकणाला भिडला, जसं सुरीने पोळा फाडावा.

इथे हिशेब करायला मजा येते म्हणून करतो, ज्यांना कंटाळा आहे त्यांनी खालचा परिच्छेद सोडा.

७.८ किलो म्हणजे साधारण ७६ न्यूटन, दोन हूक, एकेकावर ३८. पाच मिलिमीटरची शीट म्हणजे पाच मिलिमीटर प्लॅस्टिक नव्हे, दोन पातळ भिंती आणि मध्ये हवा. माझ्या शीटची एकेक भिंत व्हर्नियरवर ०.३५ मिलिमीटर भरली. म्हणजे हूक टेकतो कशावर, तर ३ गुणिले ०.७, म्हणजे दोन चौरस मिलिमीटरच्या जरा वर. ३८ भागिले २.१, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १८ न्यूटन. पॉलिप्रॉपिलीन साधारण तिशीच्या आसपास कायमचं ताणलं जायला लागतं. म्हणजे नुसता टांगून ठेवला तर टिकेल, पण माणूस पायऱ्या चढताना खोका हिसके खातो, हिसक्याला वजन दुप्पट धरा, की झाले ३६. फाटलंच पाहिजे. तेच हूकाऐवजी चाळीस मिलिमीटर रुंद पट्टी टेकली असती तर दीडच्याही खाली. म्हणजे हँडल मजबूत करण्यात अर्थ नव्हता, हँडलला काही झालंच नव्हतं. जिथे टेकतं ती जागा मेली.

आणि एक गंमत नळ्यांच्या दिशेची. सनपॅक नळीच्या दिशेने पटकन उभं चिरतं, आडवं चिरत नाही. मी नळ्या उभ्या ठेवल्या होत्या कारण एकावर एक रचायला उभ्या नळ्याच वजन झेलतात, पुठ्ठ्याच्या खोक्यांचंही तेच असतं. पण उभ्या नळ्या म्हणजे हूकासाठी तयार चीर! आडव्या ठेवल्या तर हूकाला अडवायला एकामागून एक रीब, म्हणजे नळ्यांमधल्या भिंती, येतात पण मग माळ्यावर खालचा खोका पोट काढून बसतो. दोन्ही एकदम मिळत नाही. मला हे आधी कळायला हवं होतं, पुठ्ठा तर आपण रोज बघतो.

मग सांडशी. लाकडी दोन दांडे, मध्ये बोल्ट, खालची टोकं खोक्याच्या दोन बाजूंना टेकणार, वर उचललं की कात्री आवळते आणि जेवढं वजन जास्त तेवढी पकड घट्ट. कागदावर याच्याइतकं सुंदर काही नाही, ना भोक, ना हूक, ना खोक्याला हात लावायचा. पण पातेलं पितळेचं असतं आणि माझा खोका सनपॅकचा. घर्षणाने ७६ न्यूटन पेलायचे तर गुळगुळीत प्लॅस्टिकवर प्रत्येक बाजूने बारा-तेरा किलोचा दाब लागतो, आणि बारा किलोने मधोमध दाबल्यावर सनपॅकची भिंत आत जाते, आत गेली की सांडशी सैल, सैल झाली की खोका खाली. रबर लावलं तर कोरड्यात थोडं जमलं. ओल्या खोक्यावर अजिबात नाही, आणि गोव्यात चवथीला कोरडा खोका म्हणजे काय ते मला दाखवा. आईने सांडशीचा प्रयोग पडवीत बघितला आणि विचारलं, "हे घुमटासाठी की नारळ पाडायला?"

तिसरं डिझाइन हे माझं लाडकं होतं आणि त्यानेच घात केला.

म्हापशाच्या एका मित्राकडे थ्रीडी प्रिंटर आहे. मी म्हटलं आपण खोक्याच्या बाजूला आतून-बाहेरून मोठी चकती लावू, नव्वद मिलिमीटर व्यासाची, म्हणजे भार पसरतो, वरचा हिशेब सुटला. चकतीत बल्बच्या होल्डरसारखी खाच. आपला पिनवाला बल्ब कसा, दाब आणि फिरव, तसंच हँडलचं टोक दाबायचं, पाव फेरा फिरवायचा, बसलं. पहिला प्रिंट पीएलए नावाच्या प्लॅस्टिकमध्ये केला, तो स्कूटरच्या डिकीत एका दुपारी राहिला आणि संध्याकाळी पापडासारखा वाकलेला मिळाला. पीएलए साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतो आणि उन्हात लावलेल्या स्कूटरची डिकी त्याला पुरेशी तापते. मग पीईटीजी, तो ऐंशीपर्यंत जातो. मग उभा प्रिंट केलेला पिन थरातून मोडला, कारण प्रिंट थर-थर चढवून होतो आणि थरांच्या मधला जोड हीच त्याची कमजोरी, मग आडवा ठेवून प्रिंट केला. असं करत करत पाचवा नमुना पक्का झाला. त्याला मी दहा किलो तांदूळ लटकवून रात्रभर ठेवला, सकाळी जसाच्या तसा. मित्र म्हणाला "पात्रांव, हे विकूया."

तर ती रात्र. तिसऱ्या घरातून निघालो, बारीक पाऊस, लाइट गेलेली, मी एका हाताने मोबाइलचा टॉर्च धरून दुसऱ्या हाताने हँडल बसवलं. डावी बाजू टक. उजवी बाजू दाबली गेली पण पूर्ण फिरली नाही. पण फिरल्यासारखी वाटली, खाचेत माती गेली होती, हाताला तोच अडथळा लागला जो पूर्ण बसल्यावर लागतो. उचलला, उचललाही गेला. स्कूटरपर्यंत गेला. स्कूटरवरून उतरवला, अंगणातून चाललो, तेव्हाही लटकतच होता. पायरीवर पाय टाकताना खोका जरा वळला, आणि तो वळला त्या दिशेने पाव फेरा उलटा झाला.

धुम्. खळखळ.

एक घुमट गेलं, दुसऱ्याला काठाला टवका. गेलेलं काकांचं होतं, त्यांच्या वडिलांच्या वेळचं नव्हे सुदैवाने, पण वीसेक वर्षं हातात बसलेलं. काका काही बोलले नाहीत. त्या घरी त्यांनी नुसत्या टाळ्या वाजवून आरती म्हटली आणि ते न बोलणं मला अजून लागतं.

नंतर आठवडाभर मी एकच गोष्ट डोक्यात घोळवत होतो. माझी टेस्ट काय होती? बरोबर बसवलेलं हँडल किती वजन पेलतं. कोणी विचारलंच नाही की अर्धवट बसवलेलं हँडल काय करतं. कारखान्यात हे आम्ही रोज बघतो, जॉब क्लॅम्पमध्ये नीट बसला नसेल तर मशीन सुरूच होऊ नये अशी सोय करतो, आणि घरी येऊन मी नेमकं उलटं केलं, असं कुलूप बनवलं जे अर्धं लागलं तरी लागल्यासारखं वागतं. काढता येणाऱ्या हँडलमध्ये खरा धोका हाच आहे. कायमचं हँडल एकदाच बसतं, आणि बसवणारा कारखान्यात उजेडात बसलेला असतो. काढतं-घालतं हँडल दिवसाला दहा वेळा बसतं, अंधारात, ओल्या हाताने, घाईत, आणि बसवणारा प्रत्येक वेळी वेगळा. त्यामुळे ते बसलं नसेल तर तिथल्या तिथे, खोका जमिनीवर असतानाच सुटलं पाहिजे. फसायचं तर पहिल्या ओढीला फसू दे, दोनशे पावलं चालल्यावर नको.

दुसरी गोष्ट काकांनी सांगितली. म्हणजे बोलायला लागल्यावर, नऊ दिवसांनी. मी त्यांना भरपाई म्हणून नवीन घुमट द्यायला गेलो होतो, ते ओसरीवर सुपारी कातरत होते, खोका बाजूला होता, त्यावर त्या दोन चकत्या. चकतीवर बोट ठेवून म्हणाले, "भुरग्याक कान धरून उखलतात रे? पोंदा हात घालतात."

पोराला कान धरून उचलतात का, खाली हात घालतात.

मी सगळी डिझाइन्स मनात ओळीने लावली आणि सगळी कान धरणारी निघाली. तारेचा हूक, सांडशी, चकती, सगळं वरच्या भिंतीला. आणि भिंत हाच खोक्याचा सगळ्यात दुबळा भाग, खालचा तळ मात्र आपोआप वजन घेऊन बसलेला. शिंकं बघा ना. आज्जीच्या घरी दूध-दही टांगलेलं असायचं ते शिंकं, मडक्याला ना भोक ना कान, दोरीची जाळी तळाखालून जाते आणि वर एका गाठीत मिळते. शिंकं तुटलं की बोक्याचं फावायचं ही म्हण आहे, मडक्याचा कान तुटल्याची म्हण नाही कारण कानाला कोणी टांगतच नव्हतं. आणि शिंकं अर्धवट बसत नाही. मडकं त्यात आहे किंवा नाही.

मग चौथं हँडल म्हणजे शिंकंच, फक्त पट्ट्याचं.

म्हापशाला शुक्रवारच्या बाजारादिवशी एका बॅग रिपेअरवाल्याकडून २५ मिलिमीटरचा पट्टा घेतला. त्याने विचारलं कुठला देऊ, नायलॉन की दुसरा, आणि मी नायलॉन घेता घेता थांबलो, कारण नायलॉन पाणी पितो आणि भिजल्यावर जरा ताणला जातो, पॉलिप्रॉपिलीनचा पट्टा पाणी पीत नाही. सुती निवार तर नकोच, माळ्यावर एका पावसाळ्यात बुरशीने काळी होते. दोन पट्टे खोक्याखालून आडवे, तीस सेंटिमीटरचं अंतर सोडून, दोन्ही बाजूंनी वर येतात आणि झाकणावर मधोमध एका हँडलला मिळतात. प्रत्येक पट्ट्याला एक बकल, शाळेच्या दप्तराला असतं ते टक करून बसणारं.

बकल निवडताना मी मुद्दाम अर्धवट लावून ओढून बघितलं, तीस-चाळीस वेळा. एकच पाय आत गेला असेल किंवा टोकावर टेकलं असेल तर पहिल्याच ओढीला निसटतं, खोका तसूभरही वर येत नाही. हेच पाहिजे होतं.

मुठीसाठी इलेक्ट्रिशियनचा २५ मिलिमीटरचा कंड्युट पाइप, बारा सेंटिमीटरचा तुकडा, त्यातून पट्टे ओवलेले. हे आकडे हवेतून नाहीत. अमेरिकेत नायॉश म्हणून कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, त्यांचं वजन उचलण्याचं एक सूत्र आहे १९९१ साली सुधारलेलं, आमच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये शिकवतात. त्यात चांगली मूठ म्हणजे १.९ ते ३.८ सेंटिमीटर जाड, किमान ११.५ लांब, बोटांना आत ५ सेंटिमीटर मोकळी जागा, गोल आणि न घसरणारी. पाइप त्यात बसतो. बाजारातल्या निम्म्या बॅगांची मूठ बसत नाही, तुम्हीच मोजून बघा.

पाइपची कापलेली कड मात्र पट्टा करवतासारखी खाते, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. काचपेपरने भागत नाही. मेणबत्तीवर पाइपचं तोंड फिरवत फिरवत गरम करायचं, मऊ झालं की काचेच्या बाटलीच्या निमुळत्या मानेवर दाबून धरायचं, की तोंड बाहेरच्या बाजूला फुलतं, धोतऱ्याच्या फुलासारखं, आणि तसंच थंड होऊ द्यायचं. पट्टा मग त्या गोलाईवरून वळतो. हे अंगणात करा, पीव्हीसीचा धूर घरात घेऊ नका, आणि ज्वाळेत धरू नका, ज्वाळेच्या वर धरा. माझे पहिले दोन तुकडे काळे झाले.

मग आली उंचीची भानगड. नायॉशचं ५ सेंटिमीटर वाचून मी पट्टे इतके आखडले की मूठ झाकणाच्या वर बरोबर तेवढीच. उचललं तर झाकण मध्ये दुमडलं आणि दोन्ही बाजूच्या भिंतींचे वरचे काठ आत आले. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखं आहे ते, दोरी जितकी ताठ आडवी तितकी ओल्या चादरीने खिळा उपटायची शक्यता जास्त. झाकणाच्या कडेपासून मूठ आडवी वीस सेंटिमीटर आत आणि फक्त पाच वर, तर पट्ट्याचा कोन जेमतेम चौदा डिग्री. चार पदरांपैकी प्रत्येकाने उचलायचे असतात १९ न्यूटन पण त्यासाठी ताण येतो ऐंशीच्या जवळ आणि तो जवळजवळ सगळा खोका आवळण्यात जातो. मूठ वीस सेंटिमीटर वर नेली की तोच ताण २७ वर येतो. पण मग खोका खाली लोंबतो आणि प्रत्येक पायरीला आपटतो, म्हणजे परत फिरून तिथेच. शेवटी बारा सेंटिमीटरवर तडजोड केली, ताण ३७ च्या आसपास, आणि झाकणाच्या दोन लांब कडांना वायरिंगची केसिंग पट्टी चढवली म्हणजे पट्टा सनपॅकवर न टेकता पट्टीवर टेकतो. तीच पट्टी तळाच्या कडांनाही, तिला दोन-दोन खाचा. कारण खाचा नसतील तर पट्टे खालून सरकत सरकत मध्ये येतात आणि खोका झोपाळ्यासारखा एका बाजूला कलतो. हे लिहायला दोन ओळी लागल्या, कळायला दोन शनिवार.

एक फायदा न मागता मिळाला, पट्टा झाकणावरून जातो त्यामुळे झाकण आपोआप बंद राहतं, आधी सेलोटेप लावायचो. आणि एक तोटाही न मागता मिळाला, चकत्यांची भोकं बुजवल्यावर खोका इतका बंद झाला की श्रावणात उघडून बघतो तर चामड्यावर पांढरी बुरशी. म्हणजे त्या भोकांतून हवा खेळत होती. आता वरच्या बाजूला मुद्दाम बारीक भोकं पाडलीत, गोल, आणि त्यांना जाळी, झुरळांसाठी.

सगळा खर्च एका सेटला शंभर-सव्वाशे रुपये. दोन सेट केले, तीन खोक्यांना पुरतात कारण तिसरा खोका नेहमी कोणाच्या तरी मांडीवर गाडीतून जातो. पट्टा लाल घेतला, काळा अंधारात हरवतो. माझ्या आधीच्या काळ्या सेटचं एक बकल अजून सापडलेलं नाही. काढता येणारी वस्तू हरवते हे गृहीतच धरायचं, तिला जागा ठरवून द्यायची, आमच्याकडे माळ्याच्या शिडीला खिळा आहे. एकदा वहिनीने त्यातला एक सेट फणस आणायला नेला, चांगला चौदा किलोचा, आणि म्हणाली की घुमटापेक्षा ह्यालाच जास्त बरं आहे. मला जरा राग आला पण बरोबर होतं, फणसाला तळ गोल असूनही पट्टा सरकला नाही, काट्यांमुळे.

२०२५ च्या चवथीला, २७ ऑगस्टपासून, दोन्ही सेट पाच दिवस फिरले. एकदाही खोका पडला नाही. दोनदा बकल अर्धवट लागलं, दोन्ही वेळा जमिनीवरच सुटलं, आणि एका वेळी ते लावणारा मीच होतो.

शामेळच्या खोक्याचं अजून राहिलंय, तो लांबट आहे आणि त्याचा भार एका बाजूला, मधोमध मूठ ठेवली तर नाक खाली करतो. त्याला मूठ सरकवता येईल असं काहीतरी बघतोय. आणि काकांच्या खोक्याचं सांगायचं राहिलं. पाचव्या दिवशी विसर्जनाला निघताना त्यांना ते बकल काही आवडेना, "हें प्लॅस्टिक, हाचेर विश्वास ना" असं म्हणत त्यांनी अडकित्त्याने दोन्ही बकलं कापून टाकली आणि पट्ट्याला गाठ मारली. होडीवाले मारतात तसली काहीतरी, वजन पडलं की घट्ट होणारी. ती गाठ आज तीन महिने झाले कोणाला सुटलेली नाही, काकांनाही नाही, खोका मूठ वर करून माळ्याच्या तोंडाशी बसलाय आणि आत ढकलला जात नाही.